रहस्यकथा आणि तिचा सामान्य वाचक

ग्रंथालयांतील ज्या पुस्तकांचीं पृष्ठें सर्वांत लवकर मळतात, त्यांचीं नांवें वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचितच आढळतात. रहस्यकथा ही अशा पुस्तकांपैकीं होय. पंडित तिला वाङ्मय म्हणावयास कचरतो, घरांतील वडील मंडळी तिला वेळेचा अपव्यय समजतात, आणि ज्याच्यासाठीं ती लिहिली जाते तो सामान्य वाचक आपलें मत कोणास न सांगतां दुसरें पुस्तक मागावयास जातो. तथापि त्या न सांगितलेल्या मतांत पुष्कळ तथ्य आहे.

मराठी वाचकास ही गोडी लावणाऱ्यांत गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३-१९४१) अग्रगण्य होत. रेनॉल्डस या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकांचा आधार घेऊन त्यांनीं 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा' यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिल्या. गुप्त वाटा, वेषांतरें आणि अकस्मात् होणारे उलगडे यांनीं वाचक मोहून गेला. पवनीसारख्या गांवीं, जेथें जुन्या कोटाचे व खंदकाचे अवशेष डोळ्यांसमोर आहेत, कथेंतील भुयार कोणास परकें वाटण्याचें कारणच नव्हतें. पुढें बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे नायक घरोघरीं ठाऊक झाले. कित्येकांस सलग पुस्तक वाचण्याची संवय प्रथम याच छोट्या पुस्तकांनीं लाविली, हा त्यांचा उपकार लहान नव्हे.

सामान्य वाचक या सर्वांस 'रहस्यकथा' असें एकच नांव देतो. परंतु त्यांत दोन जाती आहेत. एकींत "हें कोणीं केलें?" हा प्रश्न असतो, दुसरींत "आतां पुढें काय होणार?" हा. पहिली बुद्धीस कामाला लावते, दुसरी छातींत धडधड उत्पन्न करते. एडगर ॲलन पो यानें १८४१ मध्यें पहिल्या जातीचा पाया घातला आणि कॉनन डॉयल याच्या शेरलॉक होम्सनें १८८७ पासून तिला जगभर नेलें. दुसऱ्या जातींत नायक पाठलाग करतो, सांपडतो, सुटतो. तेथें कोडें दुय्यम असतें. एका जातीकडून दुसरीचें काम मागितलें कीं वाचकाची निराशा होते. म्हणून पुस्तक वाईट ठरविण्यापूर्वीं तें कोणत्या जातीचें आहे हें पाहणें न्यायाचें होय.

पहिल्या जातीच्या कथेविषयीं वाचकाची मुख्य तक्रार एकच असते : "लेखकानें फसविलें." फसण्यासाठींच तर तो पुस्तक घेतो, मग तक्रार कसली? उत्तर असें कीं, त्यास फसणें हवें असतें, पण न्यायानें. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशक लेखकानें १९२९ मध्यें या खेळाचे दहा नियम सांगितले. गुन्हेगार कथेच्या आरंभींच वाचकास भेटलेला असावा. भुताखेतांचें साह्य घेऊं नये. गुप्त भुयार एकाहून अधिक नसावें. आणि गुप्तहेरास सांपडलेला प्रत्येक धागा वाचकासहि दिसावा. ज्यानें नॉक्सचें नांवहि ऐकलें नाहीं असा वाचकदेखील शेवटच्या पानावर अकस्मात् उपटलेला गुन्हेगार पाहून पुस्तक मिटतो, तो याच नियमांस अनुसरून.

येथें केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाहीं. हलक्या कथेंत खलपुरुष पहिल्याच भेटींत ओळखूं येतो. त्याचा डोळा तिरवा असतो, चेहरा काळाकुट्ट असतो, किंवा तो परमुलखांतला असतो. अशीं पन्नास पुस्तकें वाचणाऱ्याच्या मनांत हळूहळू असें ठसतें कीं गुन्हा मुद्रेवरून कळतो. गांवांत कोणाचा दागिना हरवला कीं मोलकरणीवर अथवा पालांत उतरलेल्या भटक्या मनुष्यावर बोट ठेवलें जातें, त्यामागें हीच समजूत असते. ती समजूत कायद्यांतहि शिरली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि तो कलंक कायद्याच्या पुस्तकांतून पुसावयास १९५२ साल उजाडावें लागलें. उलट चांगल्या रहस्यकथेंत ज्याच्यावर सर्वांचा संशय तोच बहुधा निर्दोष निघतो. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा ती उपदेश न करतां शिकविते. नायक कायदा हातीं घेऊन दुष्टांस शासन करतो अशा साहसकथांची गोडी घेतांना तर हा धडा विशेष स्मरणांत ठेवावा; कारण तेथें नायकाचा अंदाज कधीं चुकत नाहीं, व्यवहारांत मात्र तो वारंवार चुकतो.

धाग्यावरून सत्याकडे जाण्याची ही रीत कथेपुरतीच नाहीं. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं पवनी येथें जगन्नाथ टेकडीचें उत्खनन केलें. मातीचे थर, दगडी कठड्याचे तुकडे आणि त्यांवरील ब्राह्मी लेख जुळवून तेथें प्राचीन बौद्ध स्तूप होता हें सिद्ध करण्यांत आलें. तेथेंहि आधीं धागा, मग निष्कर्ष, हाच क्रम होता.

यास्तव मुलाच्या हातीं रहस्यकथा दिसली तर ती हिसकावून घेण्यांत लाभ नाहीं. हिसकावलेल्या पुस्तकाबरोबर पुष्कळदां वाचनच सुटतें. पुस्तक संपल्यावर त्यास एवढेंच विचारावें, "गुन्हेगार तूं कशावरून ओळखलास?" "तो दिसतच तसा होता" असें उत्तर आलें, तर त्याच्या हातीं याहून चांगली रहस्यकथा द्यावी. त्यानें मागील पानें उलटून एखादा धागा दाखविला, तर ते दोन तास वायां गेले नाहींत असें खुशाल समजावें.