लंगडा घोडा आणि पर्यायी उपचार (लेखांक ६)

मागच्या लेखात आपण घोड्याची चाल पारखायला शिकलो. दुडक्या चालीवर धावताना दुखरा पुढचा पाय टेकला की घोडा मान वर उचलतो आणि धडधाकट पाय टेकला की खाली घालतो. यावरून पाय कळतो, दुखण्याचं कारण नाही. कारण हाती नसताना माणूस कानावर येईल तो उपाय करत सुटतो: हळदीचा लेप, सुया, चुंबकाचे पट्टे. अशा काही उपायांची आज पारख करू.

सर्वात जुना उपाय डागणीचा. तापलेल्या सळईने सुजलेल्या टेंडनवरची कातडी डागायची. डागल्याने रक्त धावून येतं आणि जुनी दुखापत भरते, असा समज. हा प्रकार आपल्याकडे होता तसाच इंग्लंडच्या शर्यतीच्या तबेल्यांतही होता. ब्रिस्टॉल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासला. १९८३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की डागण्याने टेंडन भरून यायला काहीही मदत होत नाही. पुढे १९९१ साली ब्रिटनच्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजने डागणी अनैतिक ठरवली.

मग डागलेले घोडे बरे कसे व्हायचे? डागल्यानंतर त्यांना कित्येक महिने कामाला जुंपत नसत, म्हणून. टेंडनला रक्तपुरवठा कमी. गंभीर दुखापत भरायला नऊ महिने ते वर्षही लागतं. गुण विश्रांतीचा, नाव मात्र डागणीचं झालं.

गुण नेमका कशाचा, हीच कसोटी प्रत्येक उपायाला लावायला हवी. ॲक्युपंक्चरची परंपरा चीनमध्ये फार जुनी आहे आणि घोड्याच्या पाठदुखीत त्याने आराम पडल्याचे काही अभ्यासही आहेत. पण खुरात पू झाला असेल तर सुया काय करणार? तिथे खूर कोरून पुवाला वाट द्यावी लागते. निचरा झाला की पाय टेकवायला तयार नसलेला घोडा अनेकदा एक-दोन दिवसांत चालायला लागतो.

शॉकवेव्ह उपचार अस्थिबंधांच्या काही दुखण्यांत उपयोगी पडतो. मात्र त्याने ती जागा काही दिवस बधिर होते. बधिर पायावर घोडा जोर देतो आणि इजा वाढते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने स्पर्धेआधीचे पाच दिवस हा उपचार करायला मनाई केली आहे.

वनस्पतिजन्य मलम निरुपद्रवी, हाही भ्रम आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिरचीतलं कॅप्सेसिन घोड्याच्या तपासणीत सापडलं आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावं लागलं. कॅप्सेसिन वेदना दडपतं, शिवाय कातडी हुळहुळी करायलाही वापरलं जातं.

माथेरानसारख्या ठिकाणी घोडा बसला की घरची कमाई बसते, त्यामुळे झटपट उपायाचा मोह मी समजू शकतो. पण क्रम चुकवू नका. आधी नाल काढून खूर तपासा, पशुवैद्याकडून निदान करून घ्या, मग विश्रांती द्या. पर्यायी उपचार करायचे ते याच्या जोडीने, याच्या ऐवजी नव्हे. आणि कोणताही उपाय सुरू असो, लंगडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर खोगीर चढवू नका.