आंबट वायू आणि नाकाची फसवणूक

मिरकरवाड्याच्या बंदरात बोटीच्या पोटातल्या बंद कप्प्यात मासळी कुजली, की सडक्या अंड्यांसारखा दर्प सुटतो. हा दर्प बव्हंशी हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा असतो. भूगर्भातील नैसर्गिक वायूत हेच विष मिसळलेले असले, म्हणजे तंत्रज्ञ त्या वायूला 'आंबट' म्हणतात. मुंबईच्या समुद्रात १९७६ साली सापडलेल्या वसई क्षेत्राचा वायू असा आंबट आहे. तो समुद्रतळावरील नळाने हजिऱ्यास नेऊन तेथे शुद्ध करतात. त्यात विषाचा अंश अल्प असतो. फ्रान्समधील लाक येथे १९५१ साली सापडलेल्या वायूत मात्र तो शेकडा सुमारे १५ होता. साधे पोलाद त्यापुढे तडकले, तेव्हा निराळे पोलाद घडवावे लागले.

असा वायू शुद्ध कसा करतात? उंच मनोऱ्यात वरून 'ॲमाइन' नावाच्या क्षारधर्मी द्रव्याचे पाणी सोडतात व खालून वायू. थंडाव्यात आणि दाबाखाली ॲमाइन विषाला धरून ठेवते. दाब उतरवून उष्णता दिली की सोडून देते. ॲमाइन पुन्हा कामाला लागते.

सुटलेल्या विषाचे काय करावयाचे? ते नुसते जाळले, तर सल्फर डायऑक्साइडने गावची हवा बिघडेल. क्लाउस या रसायनज्ञाने १८८३ साली मार्ग दाखविला. त्याच्या आजच्या रूपात एक तृतीयांश भाग जाळतात व उरलेल्याशी उत्प्रेरकावर त्याचा संयोग घडवितात. त्यातून गंधक आणि पाणी मिळते. साध्या रीतीने शेकडा ९५च्या आसपास गंधक हाती येते; उरल्या धुरावर पुन्हा संस्कार केले, तर ९९हून अधिक. या ज्वलनाच्या उष्णतेची वाफ ॲमाइन तापविण्यास उपयोगी पडते. विष अधिक, तशी ही वाफही अधिक. खरी काटकसर ती हीच.

तथापि यंत्रांपेक्षा मोठा प्रश्न माणसाच्या जिवाचा. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असल्याने सखल जागी साचतो. दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाला, की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते! चीनमध्ये चोंगचिंगजवळ २००३ साली विहिरीतून असा वायू उसळून २४३ माणसे दगावली.

म्हणून कारखान्यात नाकावर नव्हे, मापकयंत्रावर भिस्त ठेवतात. आपल्या बंदरानेही तेच शिकावे, असे आम्हांस वाटते. कप्पा उघडून आधी हवा खेळवावी, ती तपासावी. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर माणूस उभा ठेवावा. आत कोणी कोसळलाच, तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उडी घेऊ नये. एकाला वाचविताना दुसरा जातो, तो बहुधा असाच.