गुरुवारी हर्णैच्या बंदरावर

चाकण-महाळुंग्याच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेची टंचाई होती तेव्हा औद्योगिक वसाहतींचे सुट्टीचे वार वाटून दिले गेले, तेव्हापासूनची ही सवय. त्यामुळे आमच्याकडचा माणूस समुद्रावर जातो तो बाकीचं जग कामावर असताना. खोल्या स्वस्त मिळतात, किनारा मोकळा असतो. अडचण एकच, घरात गुरुवार पाळतात. "गुरुवारी कोळीवाड्यात जाऊन काय करणार, वास घेणार?" आईनं विचारलं. मी सॅक भरत होतो, उत्तर दिलं नाही.

मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इनकमिंगला आहे. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि आत घ्यायचा नाहीतर परत धाडायचा, हे काम. दिवसभर हातात व्हर्नियर आणि समोर ड्रॉइंग. तेव्हा बंदरावर गेल्यावर माझी नजर सूर्यास्ताकडे न जाता पाट्यांकडे गेली, यात नवल नाही.

वल्लभनगरच्या स्थानकापर्यंत पोहोचणं हाच प्रवासाचा अवघड भाग. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मागे जितका वेळ जातो, त्यात पुढे अर्धा घाट उतरून होतो. ताम्हिणी, माणगाव, आंबेतला सावित्रीवरचा पूल, मग मंडणगडची वळणं आणि दापोली. तिथून हर्णैची गाडी. शेवटच्या उतारावर नारळी-पोफळीच्या वर एकदम सुवर्णदुर्गाची तटबंदी दिसते, चारी बाजूंनी पाणी असलेली. आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतलं, आणि आपलंच आरमार आपण मोडून घेतलं हा वाद मराठी माणूस अजून घालतो. आज किल्ल्याचा रोजचा उपयोग साधा आहे. त्याच्या आडोशाला बोटी नांगरतात.

'शांत, निवांत मासेमारीचं गाव' अशी या किनाऱ्याची जाहिरात होते. दुपारी एक ते तीन ती खरी आहे. जाळी वाळत पडलेली, सावलीत दोघं-चौघं फाटकी जाळी सांधत बसलेले, कुत्री झोपलेली. पण ही शांतता म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या दोन लिलावांमधली सुट्टी. पाहुणा नेमका त्या वेळी येतो, फोटो काढतो आणि गाव असंच असतं असं समजून परत जातो.

चारच्या पुढे चित्र बदललं. किनारा उथळ, मोठी बोट वाळूपर्यंत येऊ शकत नाही. माल आधी होडीत उतरतो आणि तिथून बैलगाडीत. इथले बैल समुद्रात शिरतात. पोटापर्यंत पाणी, लाट आली की जू वर उचललं जातं, गाडीवान दांडीवर उभा राहून ओरडत असतो. चाकं वाळूत रुतायच्या आत वळवून काढायची असतात. परतीला त्याच गाड्या बर्फ, डिझेलचे कॅन, पिण्याचं पाणी आणि रेशन घेऊन बोटींकडे जातात. सुसज्ज जेटीची मागणी इथं फार जुनी आहे. पर्यटकांना बैलगाड्या मोहक वाटतात, गाडीवानाला विचारलं तर तो बैलाचे सोललेले खूर दाखवतो.

वाळूवर माल उतरला की निवड सुरू होते, आणि ती बहुतेक बायकांच्या हातात असते. कासोटा घट्ट, हातात पाटी. पापलेट वेगळं, सुरमई वेगळी, कोळंबी आकारानुसार, म्हाकूळ एकीकडे, आणि ज्याचं नाव पाहुण्याला माहीत नसतं तो मिसळ माल शेवटच्या ढिगात. मग लिलाव पुकारणारा ढिगापाशी येतो आणि भोवती कडं जमतं. आकडा तो म्हणतो, समोरून कोणी भुवई हलवतं, आकडा चढतो. बोली शेकड्यांत चालते, पण 'शे' कोणी उच्चारत नाही, तेवढा वेळ नसतो. मोजून मिनिटभरात ढीग विकला जातो आणि कडं पुढच्या ढिगाकडे सरकतं. आमच्याकडे एका ब्रॅकेटचा भाव ठरायला तीन मीटिंगा आणि आठवडाभर मेल लागतात. इथं वेळ लावणाऱ्याचा मालच उतरतो.

मला रस होता तो बोलीच्या आधीच्या काही सेकंदांत. खरेदीदार बाई वाकते, अंगठ्यानं माशाचे कल्ले उघडते. आत लाल हवं, तपकिरी झालं की भाव पडला. डोळा फुगीर आणि चकचकीत पाहिजे, खोल गेलेला नको. पोटावर बोट दाबायचं, खळगा लगेच भरून आला पाहिजे. कोळंबीचं डोकं काळं पडायला लागलंय का, ते पाहायचं. कागद नाही, गेज नाही, तपासणी संपली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचे मासे वर काढायचे. कारण मोठे वर आणि बारके खाली रचणं ही कला सगळ्या धंद्यांत आहे. मीही बिन तळापासूनच उपसतो. एका बाईनं तळाची तळहाताएवढी पापलेटं वर काढून दाखवली, तेव्हा बोली होती तिथंच थांबली.

ती पापलेटं पाहून मला राहवलं नाही. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाला ती १३५ मिलिमीटर आहे. पिल्लं अंडी घालण्याच्या वयाची व्हायच्या आधीच उचलली तर पुढच्या वर्षी बोटी काय आणणार, हा त्यामागचा हिशेब. खिशात स्टीलची टेप होतीच. मी एक उचलून मापायला लागलो.

"दादा, घ्यायचं असेल तर घ्या, नाय तर बाजूला व्हा. भाव चाललाय."

"मावशी, हे मापात बसत नाही."

"मग जाळ्याला सांगा. आमच्याकडं येतं ते मेलेलंच येतं."

तिचं बरोबर होतं. वाळूवर आलेला बारका मासा परत पाण्यात टाकून जिवंत होत नाही, आणि माझ्या खात्यासारखी इथं परत पाठवायची सोय नाही. माप लागू करायचं तर ते जाळ्याच्या आसाला करावं लागतं. त्याहून मोठा राग या किनाऱ्यावर एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आहे. रात्री पाण्यात प्रखर दिवे सोडायचे, त्याभोवती गोळा झालेला लहान-मोठा सगळा मासा एका फेरीत उपसायचा. केंद्रानं २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली. पण काळोख्या रात्री क्षितिजावर कोणते दिवे दिसतात हे इथलं शेंबडं पोरही बोटानं दाखवतं.

विकलेला माल लगेच हलतो. टेम्पो वाळूच्या कडेला उभेच असतात, आत बर्फाचा थर, माशांचा थर, पुन्हा बर्फ. म्हाकूळ, कोळंबी, वाकटी निर्यातीच्या वाटेला लागते. आपण ताटात फारसा न घेणारा गुलाबी राणीमासा कारखान्यांकडे जातो. रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत गद्रे मरीनसारखे उद्योग तसल्या माशाची सुरिमी करतात, म्हणजे धुऊन काटे-चव काढलेला लगदा, ज्याच्यापासून खेकड्याच्या चवीच्या कांड्या बनतात. एमआयडीसीपासून लांब आलो म्हणून मी खूश होतो, आणि समोरचा ढीग एमआयडीसीतच निघाला होता.

या मालाला वाराचं काही देणंघेणं नाही. गुरुवारचा फटका बसतो तो किरकोळ वाटे मांडून बसलेल्या बायकांना. बांगडा, मांदेली, बोंबील. "सोमवार, गुरुवार, शनिवार गेले, वर संकष्टी. आमच्या आठवड्याला चारच दिवस," त्यातली एक म्हणाली आणि मला बोंबलाचा वाटा जवळजवळ फुकट देऊ लागली. मी सुकट घेतली. प्रवासात टिकते, आणि शुक्रवारी खाता येते.

अंधार पडायच्या सुमारास बर्फाच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या एका खलाशाशी गप्पा झाल्या. गुहागरकडचा, आयटीआय केलेला, विशीतला. बोटीवर त्याच्यासोबत दोघं नेपाळचे. त्यानं हिशेब सांगितला: फेरीच्या मालातून डिझेल, बर्फ, रेशन वजा करायचं, उरलेल्याचे वाटे, नाखव्याचा मोठा, तांडेलाचा त्याखालचा, मग बाकीचे. फेरी रिकामी गेली तर वाटाही रिकामा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि हा गावी लावणीला.

मग त्यानं विचारायला सुरुवात केली. महाळुंग्यात फिटरला हातात किती येतात? ओव्हरटाइम दुप्पट देतात का? खोलीत किती जण? मी सांगितलं, पाच. "बोटीवरपण तेवढेच," तो म्हणाला. कंपनी थेट घेते का? मी म्हटलं, बहुतेक ठेकेदारामार्फत, आणि काही महिन्यांनी ब्रेक देतात. घरी बसायचं, मग पुन्हा नव्यानं नाव लावायचं.

"म्हणजे बंदी तुमच्याकडंपण हाय." तो हसला. "आम्ही नारळीपौर्णिमेला नारळ वाहतो नि बोट काढतो. तुम्ही कुठं वाहता?"

"ठेकेदाराच्या ऑफिसात. पण तिथं नारळ चालत नाही, आधार कार्डाची झेरॉक्स लागते."

ती त्याच्याजवळ होती, पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोन प्रती. त्यानं एक मला दिली.