मामांच्या राजदूतचे हँडल

आपल्या वार्षिकांकात मोटारसायकलीवर लेख पाहून काही भुवया उंचावतील. कला शाखेच्या विद्यार्थिनीने नटबोल्टांत कशाला शिरावे, असेही कुणी म्हणेल. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पंधरा दिवस एका हँडलाच्या मागे घालवले आणि त्यातून जे कळले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या मामांकडे 'राजदूत ३५०' आहे. राजदूत म्हटले की दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली १७५ ची गाडी डोळ्यांपुढे येते. ती ही नव्हे. जपानच्या यामाहा कंपनीच्या आरडी ३५० चे हे भारतीय रूप. एस्कॉर्ट्सने ते १९८३ पासून बनवले आणि ते दशक संपता संपता बंद केले. दोन सिलिंडर, ३४७ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे ड्रम ब्रेक आला. पेट्रोल ती पाण्यासारखी पिते. त्यामुळे संसारी माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये असे तेव्हाही म्हणत. मामा तेव्हा संसारी नव्हते.

जुनी गाडी घेतल्यावर दोनच वर्षांत, म्हणजे १९९१ साली, त्यांनी तिचे मूळचे उंच हँडल काढून टाकले आणि शर्यतीच्या गाडीसारखे खाली झुकलेले 'क्लिप-ऑन' लावले. क्लिप-ऑन म्हणजे एक सलग नळी नसते. शॉकअपच्या दोन नळ्यांना चिमट्यासारखे आवळलेले दोन वेगळे दांडके असतात. ही हौस मूळची विलायतेची. १९५०-६० च्या सुमारास लंडनच्या रस्त्याकडेच्या कॅफेंतून तरुण पोरे आपल्या साध्या गाड्या शर्यतीच्या गाड्यांसारख्या करून पळवीत. त्यावरूनच 'कॅफे रेसर' हे नाव पडले. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, त्यांत ही राजदूत धावली. मामांनी शोलावरम पाहिले नव्हते. फोटो मात्र पाहिले होते, आणि तेवढे पुरले.

आता मामांनी साठी ओलांडली आहे. गेल्या वर्षी उमरेडहून नागपूरला जाताना पाचगावपर्यंतच त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले. विहीरगाव गाठेस्तोवर मनगट ठणके. "पोरी, बोटं मरून जातात," ते म्हणाले, "मंग ब्रेक दाबला का नाही दाबला, तेच समजत नाही." हे शेवटचे वाक्य मामीने ऐकले आणि गाडी विकण्याचा विषय घरात निघाला. "आता तरी इकून टाका ते," हे मी महिनाभर रोज ऐकले. नागपूरचा एक गिऱ्हाईक दोनदा येऊन पाहूनही गेला. या गाड्यांना आता शौकिनांकडून चांगला भाव मिळतो. मामा काही बोलत नव्हते, पण गाडीवरची धूळ पुसणे त्यांनी सोडले होते.

दुखणे समजून घेतल्याखेरीज उपाय सापडत नाही. गाडीवर बसलेल्या माणसाचा भार तीन ठिकाणी वाटला जातो : सीट, फुटरेस्ट आणि हँडल. हँडल जितके खाली आणि पुढे, तितके धड पुढे झुकते आणि तितका भार तळहातांवर येतो. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून एक नस जाते. तिच्यावर सतत दाब राहिला की नेमकी तीच दोन बोटे बधिर होतात. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांचेही हे ओळखीचे दुखणे आहे. (बधिरपणा गाडीवरून उतरल्यावरही टिकत असेल तर मिस्त्रीकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे. मामा आधी गेले होते.)

मग शर्यतीतले लोक कसे सहन करतात? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर वाऱ्यात आहे. वेगाने जाताना समोरचा वारा छातीला मागे ढकलतो आणि पुढे झुकलेले धड जणू तोलून धरतो, त्यामुळे हातांवरचा भार हलका होतो. वाऱ्याचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० ला जितका, त्याच्या चौथा हिस्साच ताशी ५० ला. आता उमरेडच्या बाजारातून, कोळशाच्या ट्रकांमागून आणि पुढे दिघोरीच्या गर्दीतून मामा कितीच्या वेगाने जाणार? वारा मदतीला येतच नाही आणि सगळे ओझे मनगटांवर राहते. म्हणजे शर्यतीचे हँडल शर्यतीतच सुखाचे. इतर ठिकाणी ते शोभेचे. आमच्या मिस्त्रीने हेच एका वाक्यात सांगितले होते, "ताई, हे शोभेले आहे, चालवाले नाही." मला मात्र वर्गापर्यंत जावे लागले.

म्हणून काय एकदम शिंगांसारखे उंच हँडल लावावे? तेही नाही. बुलेटला असली हँडले लावून हात खांद्याच्या वर टांगलेली मंडळी आपण पाहतो. तसे बसले की भार हातांवरून उठतो तो थेट माकडहाडावर जातो. शरीर सरळ उभे असल्याने रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्याला सांगून जातो. पुढचे चाकही हलके पडते. खरे सुखाचे बसणे म्हणजे धड किंचित पुढे, कोपरे जराशी वाकलेली आणि मनगट सरळ रेषेत.

ते ठिकाण प्रत्येकाचे वेगळे. ते शोधण्याची आमची रीत अगदी घरगुती होती. गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. मामांना बसवून डोळे मिटायला सांगितले आणि हात जिथे आपोआप येतात तिथे धरायला सांगितले. मी त्यांच्या तळव्यांखाली खराट्याचा दांडा दिला आणि भावाने टेप धरला. जुन्या मुठींपेक्षा दांडा सुमारे १५ सेंटिमीटर वर आणि १० सेंटिमीटर मागे आला. हे माप घेऊन आम्ही नागपूरला जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तिथे आरडीचे मूळ मापाचे हँडल निघाले, ते जवळजवळ तेवढेच. मामा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. तेहतीस वर्षांपूर्वी काढून टाकलेलेच परत विकत घेत होते.

मूळ मापाच्या हँडलाचा आणखी एक फायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला गाडीत करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी जुन्या गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासली जाते. कारखान्याच्या मापाला कुणी बोट लावत नाही.

बसवण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. शॉकअपच्या दोन्ही नळ्या वर ज्या जाड पट्टीत बसतात, तिच्यावर हँडलाच्या नळीसाठी चार बोल्टांच्या दोन पकडी असतात. पुष्कळ हौशी पोरांनी क्लिप-ऑन लावताना ही जागाच कापून टाकलेली असते. मामांनी कापली नव्हती, हे आमचे नशीब. नळीची जाडी २२ मिलिमीटर. पकडीत ती नेमकी बसली पाहिजे, खाली पत्र्याचा तुकडा घालून भागवू नये. चारही बोल्ट आधी हलके लावावेत, गाडीवर बसून मुठींचा कोन मनगटाला जुळवावा आणि मगच प्रत्येक बोल्ट थोडा थोडा, आळीपाळीने आवळावा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मुठींपेक्षा किंचित खाली झुकलेले ठेवावेत, म्हणजे बोटे टेकवताना मनगट वर मोडत नाही. नवे हँडल लावून लिव्हर जुन्याच कोनात ठेवले तर निम्मे दुखणे तसेच राहते.

खरा घोळ केबलींचा. हँडल १५ सेंटिमीटर वर गेले की क्लचची, पुढच्या ब्रेकची आणि रेसची अशा तिन्ही केबली तोकड्या पडतात. क्लिप-ऑनसाठी मामांनी त्या मुद्दाम आखूड करून घेतल्या होत्या. क्लचची आणि ब्रेकची आम्ही नवी आणली. रेसची ताणून पुरते असे पाहिल्यावर मी म्हणाले, "राहू द्या, कशाला खर्च?" ही चूक सर्वस्वी माझी. मामांनी अंगणात गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि फाटकाकडे वळण्यासाठी हँडल पूर्ण डावीकडे फिरवले. त्याबरोबर आखूड केबल ओढली गेली, कुणी रेस न देता इंजिन ओरडले आणि गाडीने तुळशीवृंदावनाकडे उडी घेतली. मामांनी क्लच दाबला म्हणून निभावले. मामी दारात उभी होती, हे वेगळे सांगायला नको.

या गाडीत ही चूक आणखी एका कारणाने महाग पडते. मुठीकडून येणारी रेसची केबल पुढे तिघांत वाटली जाते : दोन कार्ब्युरेटर आणि इंजिनाला तेल पुरवणारा पंप. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलबरोबर तेल लागते. या गाडीत ते मिसळण्याचे काम पंप करतो, आणि किती द्यायचे ते रेसच्या मापाने ठरवतो. केबलीत फेरफार केला की पंपाचे हे माप पुन्हा जुळवून घ्यावे लागते. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, तेही चालत्या गाडीत. यासाठी आम्ही नवी, योग्य लांबीची केबल आणली आणि पंप मिस्त्रीकडून जुळवून घेतला. ते काम आपले नाही.

त्यानंतर तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवावी आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. इंजिनाचा सूर कुठेही बदलता कामा नये. मग इंजिन बंद करून तसेच फिरवावे आणि कोणती केबल किंवा वायर टाकीत चिमटते का, कुठे ताणते का ते पाहावे. रेसची मूठ सोडल्याबरोबर आपोआप मागे आली पाहिजे. एवढे सगळे आधी केले असते तर वृंदावनाचा कोपरा शाबूत राहिला असता.

जून लागण्याआधी मामा पहिल्यांदा भिवापूरपर्यंत जाऊन आले. परतल्यावर त्यांनी गाडी स्टँडला लावली, हातमोजा काढला आणि काही न बोलता करंगळी माझ्यासमोर हलवून दाखवली. वळताना आता दांडा रुंद झाल्याने कमी जोर लागतो, पण गर्दीत आरसे अडतात, ही त्यांची एकुलती तक्रार. मामीने विकण्याचे तूर्त थांबवले आहे, पुढच्या पाच वर्षांची नोंदणी होईपर्यंत म्हणे. क्लिप-ऑन गोठ्याच्या खुंटीला टांगलेले आहेत. चारही बोल्ट आठ दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितले होते, ते मी परवा तपासले. एक जरासा सैल निघाला.