टाचेतलं रक्त, कानामागचं यंत्र

आमच्या कर्णबधिर शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा प्रोसेसर यंदा कायमचा बंद पडला. लहानपणी तिला सरकारी योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं तेव्हा तालुक्याच्या पेपरात फोटो छापून आला होता. कातडीखालचा भाग आजही ठणठणीत आहे. कानावर अडकवायचा प्रोसेसर मात्र जुन्या मॉडेलचा, आणि कंपनीनं त्याचे सुटे भाग बनवणं थांबवलंय. नवा घ्यायचा तर काही लाख रुपये. पोरगी रोज कॉलेजला जाते, पहिल्या बाकावर बसते आणि तिला काही ऐकू येत नाही. तेव्हापासून कानाच्या आणि थायरॉइडच्या शोधांचे सत्कार सोहळे मला बघवत नाहीत.

शोध थोर होते, यात शंका नाही. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइड निकामी झालेल्या एका बाईला उभं केलं. केंडॉल यांनी १९१४ मध्ये थायरॉइडचं संप्रेरक, थायरॉक्सिन, वेगळं काढलं, हॅरिंग्टन यांनी १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत घडवलं. कानातल्या यंत्राची गोष्ट बरीच नंतरची. १९५७ मध्ये पॅरिसला पहिली धडपड, मग लॉस एंजेलिसला विल्यम हाउस, आणि १९७८ च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांची शस्त्रक्रिया. क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना नीट ऐकू येत नसे. ही ओढ घरातून आलेली. कानातल्या शंखाच्या वेटोळ्यात तार आत कशी सरकवायची, हे त्यांना समुद्रकिनारी शंखात गवताची पाती घालून पाहताना उमगलं.

हे दोन शोध एकमेकांपासून लांबचे वाटतात, पण आमच्या वर्गात ते शेजारी बसत. पोटातल्या बाळाला आणि तान्ह्या बाळाला थायरॉइडचं संप्रेरक पुरेसं मिळालं नाही, तर मेंदूबरोबर कानातला शंखही नीट पिकत नाही. आईच्या आहारात आयोडीनची फार उणीव असेल तर मूल मतिमंद आणि मुकं-बहिरं जन्मू शकतं. २००० साली केंद्र सरकारनं आयोडीन नसलेल्या मिठावरची बंदी उठवली, तो निर्णय म्हणूनच मी आजवर माफ केलेला नाही. लोकांनी आपली निवड आपण करावी, असं सांगितलं गेलं. गर्भातल्या बाळानं कुठली निवड करायची? बंदी परत यायला २००६ उजाडलं.

मला मात्र आमच्या शाळेचं नव्वदचं दशक सोडवत नाही. छातीवर कापडी पिशवी, पिशवीत डबीएवढं श्रवणयंत्र, त्यातून कानापर्यंत वायर. पेन्सिल सेल संपला की पोर गप्प. कान वाढे, साचा सैल होई, यंत्र शिट्टी मारू लागे, की आम्ही पुन्हा नव्या साच्यासाठी माप घ्यायला बसायचो. शुक्रवारी आयांचा वर्ग. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना मुलाशी काय आणि कसं बोलायचं, ते तिथं शिकवलं जाई. एखादी आई दारातूनच ओरडायची, "बाई, आज हाक मारली तर वळला!" त्या आनंदाच्या तोडीचं काही मी पुढे पाहिलं नाही.

पण मुलं यायची चौथ्या-पाचव्या वर्षी. घरी सांगितलेलं असे, याचा बापही उशिराच बोलला होता. दवाखान्यातही तेच ऐकवलं जाई: बोलेल हळूहळू. एक मुलगा आठवतो. जीभ जाड, कातडी कोरडी, चालणं संथ, ऐकणं कमी. थायरॉइडच्या उणिवेचं निदान आमच्याकडे आल्यावर झालं. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी होती ती थायरॉक्सिनची गोळी त्याला सहाव्या वर्षी मिळाली. काही रुपयांची गोळी! टाचेतल्या थेंबावरून ही उणीव ओळखण्याची पद्धत क्वेबेकमध्ये सत्तरच्या दशकातच बसवलेली होती. बाळाच्या कानात बारीक आवाज सोडून कानाचा प्रतिध्वनी टिपता येतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ सालीच दाखवलं होतं. हा मुलगा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मला.

नंतरचं दशक यंत्रांचं. वायर गेली, डबी गेली, आणि त्यांच्याबरोबर आयांचा वर्गही गेला. इम्प्लांट झालं की मूल आपोआप बोलेल, असा समज पसरवला गेला. खरं काम तर प्रोसेसर सुरू केल्यावर लागतं, वर्षानुवर्षं, रोज. तालुक्याच्या गावी ते करायला माणूसच नव्हता. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं. त्याच्या तपासायच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण होतं. जन्मजात थायरॉइड उणीव शेवटच्या ओळीत, तीही 'ऐच्छिक'. २०१४ मध्ये दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट आलं, एका यंत्रामागे सहा लाखांच्या मर्यादेसह. मुलांच्या डोक्यात सहा लाख घालायला देश तयार झाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते घालताना बाहेरचा भाग दहा-बारा वर्षांत जुना होणार, हे ठाऊक असायला हवं होतं.

त्या मुलीला प्रोसेसर हवाय, आणि तो या सहामाहीच्या परीक्षेआधी हवाय. जिनं तिच्या डोक्यात यंत्र बसवलं त्याच योजनेनं तो बदलून द्यावा. देणगीदारांच्या दारात तिला उभं करू नये. आणि प्रत्येक प्रसूतिगृहानं बाळाची टाच आणि कान तपासल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर करावी, मगच बाळ-बाळंतिणीला घरी सोडावं.