तिकीट मैफलीचे, माल कॅसेटचा

तिकिटावर 'प्रत्यक्ष कार्यक्रम' असे छापलेले असते. व्यासपीठावर गायक उभा असतो, मागे चार वादक बसलेले असतात आणि सभागृह भरून जाईल एवढे संगीत कानावर पडते. पंचवीस व्हायोलिनांचा आवाज येतो, पण व्हायोलिन एकही दिसत नाही. हे संगीत स्टुडिओत अगोदरच भरून आणलेले असते. बाजारात यास 'ट्रॅक' म्हणतात. कॅसेटच्या जमान्यात 'मायनस वन' असाही शब्द होता, म्हणजे गाण्यातून गायकाचा आवाज वजा केलेला.

व्यापाराच्या पानावर गाण्याबजावण्याचा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आमच्या मते हा विषय आधी व्यापाराचाच आहे. गिऱ्हाईक एका मालाचे दाम मोजते आणि त्याच्या हाती दुसरा माल पडतो, त्यास आपल्या बाजारात काय म्हणतात हे सांगण्याची गरज नाही. शिवाय यात कारागिरांच्या रोजीचा प्रश्न आहे.

या धंद्यातील सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतला. मिली व्हॅनिली नावाची दोन तरुणांची जोडी १९८९ मध्ये तेथे फार लोकप्रिय झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये कनेक्टिकट राज्यात चालू कार्यक्रमात त्यांचा ट्रॅक अडकला आणि एकच ओळ पुनःपुन्हा वाजू लागली. दोघेही मंचावरून निघून गेले. प्रेक्षकांनी त्या दिवशी फारसे मनावर घेतले नाही. १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा निर्माता फ्रँक फॅरियन यानेच कबूल केले की, तबकडीवर या दोघांचा आवाज नाहीच, गाणारे वेगळे आहेत. पारितोषिक परत घेण्यात आले. मग ग्राहक न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार खरेदीदारांना काही रक्कम परत मागण्याचा हक्क मिळाला. माल सदोष नव्हता, गाणी चांगलीच होती. दोष होता तो लेबलात.

तथापि सर्व ट्रॅक एकाच तराजूत घालणे योग्य नाही. क्वीन या इंग्रजी बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशी मुलगा. त्याच्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' या १९७५ च्या गाण्यात मधला भाग असा आहे की, त्यात आवाजांवर आवाज चढवलेले आहेत. चार माणसांनी मंचावर ते गाणे शक्य नव्हते. त्यांनी काय करावे? तो भाग आला की सर्वजण मंच सोडून आत जात, टेप वाजे, दिवे फिरत आणि तो भाग संपला की परत येऊन वाजवीत. ओठ हलवण्याचे सोंग नाही. टेप आहे हे प्रेक्षकांना उघड दिसत होते. १९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात वेळ थोडा होता, तेव्हा त्यांनी तो भाग सरळ गाळला. आम्हाला हा व्यवहार साफ वाटतो.

उलट मोठमोठ्या नावांनीही सोंग केले आहे. २००६ मध्ये इटलीत तुरिन येथील हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात पावारोत्ती गायले, ते ध्वनिमुद्रण होते. वाद्यवृंदाने केवळ वाजवल्यासारखे केले. त्यांच्या संगीत संचालकाने २००८ मध्ये, म्हणजे पावारोत्तींच्या मृत्यूनंतर, हे लिहिले. गायक आजारी, त्यात फेब्रुवारीची थंडी, हे कारण समजण्यासारखे आहे. २००९ च्या जानेवारीत ओबामांच्या शपथविधीला यो-यो मा आणि त्यांचे सोबती यांनी दोन दिवस आधी मुद्रित केलेली रचना 'वाजवली', कारण त्या गारठ्यात तारा सुरात राहत नाहीत. चुकून आवाज निघू नये म्हणून गजाला साबण लावला होता! सांगून केले असते तर कोणाची तक्रार नव्हती.

हे चालते कसे तेही पाहू. ढोल वाजवणाऱ्याच्या कानात 'टिक टिक' असा ठेका सोडतात. तो ठेका प्रेक्षकांना ऐकू येत नाही. सर्व वादक त्या टिकटिकीला बांधलेले असतात. यात मोठा तोटा असा की, गायकाला एखादी ओळ रंगली म्हणून पुन्हा घेता येत नाही. 'वन्स मोअर' मिळाला तरी ट्रॅक पुढे निघून जातो. १९७३ मध्ये न्यूकॅसल येथे 'द हू' या बँडच्या टेपा आणि वादक यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने आपल्याच ध्वनितंत्रज्ञावर भर कार्यक्रमात राग काढला. आमच्या ऐकण्यातील कव्वालीच्या पार्ट्या एका मिसऱ्यावर दहा दहा मिनिटे थांबतात. मैफिल जशी गरम होईल तशी टाळी वाढते. ती टाळी मशीनमध्ये कशी भरणार?

आता आमच्या धंद्याकडे येतो. आम्ही कापडवाले आहोत आणि यंत्रमागाला नावे ठेवण्याचे तोंड आम्हाला नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील किती घरांची चूल यंत्रमागावर पेटते हे वाचक जाणतात. यंत्र आले म्हणून रडत बसणारे आम्ही नव्हे. १९८५ च्या कायद्याने काही कापड हातमागासाठी राखून ठेवले, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये तो कायदा वैध ठरवला, तरी राखीव माल यंत्रमागावर निघतच राहिला आणि राखीव प्रकार २२ वरून ११ वर आले. कायद्याने हातमाग वाचवण्याचा अनुभव हा असा आहे. म्हणून ट्रॅकवर बंदी घाला अशी मागणी आम्ही करणार नाही. यंत्रमागाचे कापड यंत्रमागाचे म्हणून विकणे हा धंदा आहे. तेच कापड पैठणी म्हणून पैठणीच्या भावात खपवणे हे दुसरे काही आहे. पैठणी तरी उलटून पाहता येते. हातमागाची असेल तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी, नाहीतर मागे सुटे धागे दिसतात. मैफल उलटून पाहण्याची सोय नाही.

वादकांची रोजी जाण्याची ही पहिली वेळ नाही. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि मूकपटासमोर पेटी-तबला वाजवणाऱ्यांचे काम संपले. पुढे त्याच बोलपटांनी मुंबईच्या स्टुडिओंत शेकडो वादकांना काम दिले. एकेका गाण्याला पन्नास पन्नास वादक बसत, त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ. मग सिंथेसायझर आला, एकेक आवाज वेगळा मुद्रित करण्याची सोय झाली आणि १९९० च्या दशकात तो मोठा ताफा मोडला. ऑर्केस्ट्रात एका ऑक्टोपॅडवाल्याने ढोलक, कोंगो, खंजिरी सर्वांची जागा घेतली. परंतु तो निदान हाताने वाजवतो, चुकतो, सावरतो. ट्रॅकने तोही उठवला. लग्नाच्या बँडांत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट पिढ्यान् पिढ्या वाजवणारी मुसलमान घराणी अनेक शहरांत आहेत. त्यांच्या जागी आता डी.जे.ची गाडी येते.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यगृहांत मार्च २००३ मध्ये हा झगडा उघड्यावर आला. मोठ्या नाट्यगृहात किमान २४ ते २६ वादक ठेवण्याचा करार होता. मालकांना तो आकडा खाली आणायचा होता आणि संप झाल्यास संगणकावरचा वाद्यवृंद तयार ठेवला होता. वादक संपावर गेले. नट आणि मंच-कामगार त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यामुळे चार दिवस बहुतेक संगीतिका बंद पडल्या. शेवटी आकडा १८-१९ वर ठरला. वादकांचे नुकसान झालेच, पण खुर्च्या रिकाम्या झाल्या नाहीत. नट उभे राहिले नसते तर संगणक वाजला असता, असे आम्हास वाटते.

आपल्याकडे या साखळीचे दुसरे टोक मिरजेत आहे. तेथील शिकलगार, जे पूर्वी हत्यारांना धार लावीत, त्यांच्यातील फरीदसाहेबांपासून तंबोरे व सतारी बनवण्याची कारागिरी सुरू झाली. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, लाकूड तुणीचे, आणि खरी विद्या जवारी काढण्यात. घोडी कानसाने इतकी बारीक घासायची की तारेखाली सुताचा धागा सरकवताच सूर उमलावा. १९७९ च्या सुमारास बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला. बटण दाबले की सूर सुरू. रियाजासाठी त्याची सोय आहे हे कोणीही मान्य करील, आणि आता तर फोनमध्येच तो मिळतो. पण भर मैफिलीत गायकामागे तोच वाजतो, तेव्हा तंबोऱ्यावर साथ करणाऱ्या शागिर्दाची जागा जाते आणि मिरजेची एक ऑर्डर कमी होते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याला निशाणी मिळाली हे ठीक झाले. निशाणी पाहून घेणारा गिऱ्हाईक मात्र वाजवणाराच असतो, आणि वाजवणाऱ्याला बसायला मंच हवा.

आमच्या वाचकांपैकी बरेचजण लग्नात, दुकानाच्या उद्घाटनात, व्यापारी संघाच्या स्नेहसंमेलनात कार्यक्रम ठरवतात. इसार देण्यापूर्वी पार्टीवाल्यास तीन गोष्टी विचाराव्यात व कागदावर घ्याव्यात: मंचावर वादक किती, कोणती वाद्ये हाताने वाजणार, आणि कोणता भाग ट्रॅकवरचा. ट्रॅकवाला स्वस्त पडतो हे खरे, कारण दहा माणसांचे जाणे-येणे, जेवण, मुक्काम वाचतो. ज्याला स्वस्त हवे त्याने जरूर स्वस्त घ्यावे. पण भाव पूर्ण ताफ्याचा सांगून सोबत लॅपटॉप आणि दोन माणसे आणली, तर कागदाप्रमाणे रक्कम कापावी. आणि ज्याने आठ वादक कबूल करून आठ आणले, त्याच्याशी शेवटच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस करू नये.