इंजिनबदल (फोक्सवॅगन टी३)

फोक्सवॅगन टी३ या मागील इंजिनाच्या जर्मन व्हॅनमधील मूळ इंजिन काढून त्याजागी अधिक शक्तीचे, बहुधा अन्य कंपनीचे, इंजिन बसविण्याच्या प्रक्रियेस टी३ चा इंजिनबदल असे म्हणता येईल. जुन्या वाहनांच्या इंजिनबदलाचे हे एक ठळक उदाहरण आहे. केवळ इंजिन बदलून काम भागत नाही. गिअरबॉक्स, शीतकरण, वायरिंग आणि ब्रेक या सर्वांचा नव्याने विचार करावा लागतो, हे या उदाहरणातून चांगले कळते.

पार्श्वभूमी

टी३ चे उत्पादन १९७९ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत ही गाडी ‘व्हॅनागॉन’ या नावाने विकली गेली. आरंभी तिला हवेने थंड होणारी १.६ लिटर (५० अश्वशक्ती) व २.० लिटर (७० अश्वशक्ती) क्षमतेची इंजिने होती. पुढे पाण्याने थंड होणारी १.९ व २.१ लिटरची इंजिने आली. आरंभीची डिझेल आवृत्ती अवघ्या ५० अश्वशक्तीची होती. पलंग, ओटा, पाण्याची टाकी असा संसार अंगावर घेतलेली सुमारे दोन टनांची गाडी एवढ्या बळावर घाट चढताना मालवाहू ट्रकच्या मागे रेंगाळते, यात नवल नाही.

शक्तीची उणीव हे इंजिनबदलाचे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पाण्याने थंड होणाऱ्या मूळ इंजिनात सिलिंडर हेड व पाण्याचे आवरण यांच्यामध्ये रबराची गॅस्केट असते. कूलंट वेळेवर न बदलल्यास तेथील अॅल्युमिनियमची कड गंजते, तिला खड्डे पडतात आणि पाणी झिरपू लागते. नवी गॅस्केट खड्डे पडलेल्या कडेवर नीट बसत नाही. मग हेडच बदलावे लागतात, आणि तेवढ्या खर्चात दुसरे इंजिन का घालू नये, असा विचार मालकाच्या मनात येतो.

इंजिनाची निवड

टी३ चे इंजिन मागील सपाट फळीच्या खाली असते. त्यामुळे इंजिनाची उंची ही पहिली अट ठरते. सुबारूची चार सिलिंडरांची आडवी इंजिने मूळ इंजिनाप्रमाणेच बुटकी व रुंद असल्याने या जागेत सहज मावतात. त्यांतही २.२ लिटरचे ईजे२२ (सुमारे १३० अश्वशक्ती) विशेष पसंत केले जाते. त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. २.५ लिटरचे ईजे२५ अधिक जोरकस असले तरी हेड गॅस्केट गळण्याबद्दल ते बदनाम आहे. ज्या दुखण्यासाठी मूळ इंजिन काढले तेच पुन्हा पदरात घेण्यात शहाणपण नाही.

दुसरा मार्ग फोक्सवॅगनच्याच उभ्या चार सिलिंडरांच्या इंजिनांचा. कारखान्याने डिझेल टी३ मध्ये असे इंजिन ५० अंश कलते करून बसविले होते. डिझेल आवृत्तीचे आधार, ऑईल चेंबर व बेल हाउसिंग मिळाल्यास त्याच घराण्यातील नवी इंजिने मूळ भागांवरच बसविता येतात. दक्षिण आफ्रिकेत टी३ चे उत्पादन २००२ पर्यंत चालले आणि तेथे १९९० च्या दशकात पाच सिलिंडरांची इंजिने कारखान्यातूनच दिली गेली. पोर्शे कंपनीनेही १९८० च्या दशकात ३.२ लिटरचे, २३१ अश्वशक्तीचे इंजिन घालून मोजक्या टी३ तयार केल्या होत्या.

गिअरबॉक्स

सुबारूचे इंजिन मूळ चार गतींच्या गिअरबॉक्सला अॅडॉप्टर प्लेटने जोडता येते. परंतु हा गिअरबॉक्स कमी ताकदीच्या इंजिनासाठी घडविलेला आहे. शिवाय चौथ्या गिअरमध्ये तासी १०० कि.मी. वेगाला इंजिन मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फेरे घेते. त्यामुळे चौथा गिअर अधिक लांब पल्ल्याचा करून घेतात. तसे न केल्यास नव्या शक्तीचा उपयोग मुख्यतः आवाज वाढविण्याकडेच होतो.

सुबारूचाच पाच गतींचा गिअरबॉक्स वापरायचा तर एक मोठी अडचण उभी राहते. सुबारूमध्ये इंजिन पुढे व गिअरबॉक्स त्याच्या मागे असतो. टी३ मध्ये इंजिन मागे व गिअरबॉक्स पुढे. म्हणजे संपूर्ण जोडी तोंड फिरवून बसवावी लागते. मग चाकांची दिशा उलटते आणि गाडीला पाच गिअर मागे जाण्याचे व एकच पुढे जाण्याचा, असा विनोदी प्रकार होतो. यावर उपाय म्हणजे उलट्या दिशेने कापलेल्या दात्यांची क्राउन-पिनियनची खास जोडी बसविणे.

शीतकरण, वायरिंग व इतर बदल

अनुभवी कारागीर सर्वाधिक जपतात ते पाण्याच्या मार्गाला. टी३ चा रेडिएटर गाडीच्या नाकाशी असतो व पाणी लांब नळ्यांतून मागे येते. साऱ्या व्यवस्थेत पंधरा लिटरांहून अधिक कूलंट मावते. सुबारूचा थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या बाजूस असतो. इंजिनातील गरम पाणी बायपास नळीने त्याच्यापर्यंत पोहोचले नाही, तर त्याला समोरचे थंड पाणीच जाणवते; तो बंद राहतो आणि इंजिन आतल्या आत तापते. नळ्यांत हवा अडकली तरी हाच परिणाम होतो. म्हणून पाणी भरताना गाडीचा पुढचा भाग उंच करून रेडिएटरवरील स्क्रूमधून हवा काढतात.

सुबारूचे ऑईल चेंबर खोल असल्याने ते रस्त्याला घासण्याची भीती असते. ते कापून उथळ करतात व तेल ओढणारी नळीही त्या मापाने आखूड करतात. इंजिनाच्या संगणकाला गाडीच्या वेगाचा संकेत लागतो. टी३ चा स्पीडोमीटर पुढील डाव्या चाकावरून केबलने चालतो, त्यामुळे त्या केबलवर वेगळा सेन्सर जोडावा लागतो.

ब्रेकची गोष्ट अनेकदा शेवटी आठवते, हे दुर्दैव. पुढे डिस्क व मागे ड्रम अशी मूळ रचना मूळ वेगासाठी होती. शक्ती दुप्पट करताना निदान पुढील ब्रेक मोठे करणे आवश्यक आहे.

कायदेशीर बाजू

जर्मनीत अशा बदलानंतर मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासणी होऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंद व्हावी लागते. कॅलिफोर्नियात नवे इंजिन गाडीच्याच किंवा त्यानंतरच्या वर्षाचे असावे लागते आणि त्याची सर्व प्रदूषणनियंत्रक साधने जागेवर असावी लागतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आहे. याच कलमात इंजिन बदलण्याविषयी अटींसह तरतूद असून नोंदणी अधिकाऱ्याकडील प्रक्रिया पूर्ण करावी लागते. नोंद न केलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.